गिरणीच्या वरचं घर

“या मशीनमध्ये नाशिक दिसतं का?”

अंबूतात्यांनी दारातच उभं राहून विचारलं. चपला बाहेर काढल्या होत्या, टोपी हातात घेतली होती. तहसील कचेरीसमोरच्या रांगेत तेव्हा माझं ऑनलाईन सेवा केंद्र होतं. सातबारा, रेशनकार्ड, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स. तिथं चपला काढून कुणी येत नसे.

“दिसतं की. नाशिकमधलं काय बघायचंय?”

“गल्ल्या,” ते म्हणाले. “सातपूरच्या बाजूच्या. कारखान्यांकडच्या.”

मी त्यांना चेहऱ्यानं ओळखत होते. शेजारच्या वाडीत ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. कुणाच्या घराला पाणी चढतं, कुणाच्या नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आता रिटायर झाले होते. बायको वारली होती. मुलगा रणजित खत-औषधांचं दुकान चालवायचा. आणि एक मुलगी होती, हर्षदा, जिचं नाव त्या घरात आता कुणी घेत नसे. दोन वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या एका मुलाशी जातीबाहेर लग्न केलं आणि ती निघून गेली. मुलगा नाशिकला कुठल्याशा कारखान्यात लागलाय, एवढंच लोकांना ऐकून माहीत. ती दिसली तर काय करू हे रणजित आणि त्याचा चुलतभाऊ भर चौकात बोलले होते, ते सगळ्या तालुक्यानं ऐकलं होतं.

त्यामुळं नाशिक म्हटल्यावर मला समजायला हवं होतं. पण तात्या म्हणाले, “ओळखीच्या एकाला भाड्यानं खोली बघायचीय,” आणि मी तेच खरं धरलं.

मी नकाशा उघडला. सातपूर काढलं, एका रस्त्यावर बोट ठेवलं तसा पडद्यावर खराखुरा रस्ता उभा राहिला. दुतर्फा घरं, उभ्या रिक्षा, वाळत घातलेले कपडे, दारात बसून गहू निवडणारी एक बाई. तात्या खुर्चीत मागं सरकले.

“ही आत्ता बसलीय का तिथं?”

“नाही तात्या. कंपनीची गाडी फिरते, वर कॅमेरा लावलेला असतो. गाडी गेली तेव्हाचा फोटो आहे हा. चेहरे तेच पुसून टाकतात, बघा.”

बाईच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग होता. तात्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“तिला विचारून काढला का?”

“विचारत नाहीत. रस्त्यावरून जे दिसतं ते काढतात.”

“आणि आपण बघतोय हे तिला कळतं का?”

“नाही कळत.”

“बरं,” ते म्हणाले. “चला मंग पुढं.”

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. दुपारी कचेरीची जेवणाची सुट्टी झाली की माझ्याकडं गर्दी नसायची. ते शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि मी बाण दाबत गल्लीतून पुढं जायचे. पाचेक दिवसांत मी त्यांनाच बाण दाबायला शिकवलं. त्यांचं बोट जाड, नखं चेपलेली. एक बाण दाबायला अर्धं मिनिट लागायचं. पण माणूस चिवट. काल कुठं थांबलो होतो ते बरोबर सांगायचे. “त्या निळ्या गेटापाशी. तिथं मुख्य व्हॉल्व्ह आहे, झाकण फुटलंय.” गल्लीचा उतार बघून ते सांगायचे की या टोकाला पाणी येतच नसणार. एखाद्या घराचं दार उघडं असलं, आत कॉट दिसत असली, की ते मान वळवायचे. एकदा न्हाणीबाहेर उघड्या अंगानं उभा असलेला माणूस आला. तात्या पटकन म्हणाले, “पुढं घ्या बाई. माणसाच्या घरात असं बघू नये.”

दोन आठवडे झाले तरी खोली मिळेना.

“तात्या, खोली कशी पाहिजे ते तरी सांगा,” मी एक दिवस म्हणाले. “मी शोधते.”

“खाली पिठाची गिरणी पाहिजे. आणि समोर शाळेची भिंत.”

“भाड्यानं राहणाऱ्याला गिरणी कशाला?”

टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. मग दाराकडं बघून हळू बोलायला लागले.

“तिची आई गेली, त्याच्या दहाव्याला तिचा फोन आला होता. घरात सगळी माणसं. मी फोन घेऊन हौदामागं गेलो. म्हणाली, ‘तात्या, आम्ही गिरणीच्या वर राहतो. समोर शाळेची भिंत आहे. पाणी वर चढत नाही, खालून भरावं लागतं.’ एवढंच बोलली. आईचं विचारायला फोन केला आणि पाण्याचं सांगत बसली. तेवढ्यात रणजित आला. मी फोन बंद केला आन् नंबर पुसून टाकला.”

“मग नंतर?”

“नंबरच पुसला ना बाई.”

कचेरीच्या आवारात कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होईना.

“सरळ जाऊन का येत नाही तुम्ही?” मी विचारलं.

“मी गेलो की माझ्या मागं माणसं जातील. रणजितचा चुलतभाऊ स्टँडवरच बसलेला असतो. मी कोणत्या गाडीत चढलो ते तासाभरात घरी कळतं.” त्यांनी पडद्याकडं हात केला. “हे आपलं बरं. नुसतं बघायचं. बघितल्यानं तिला काय होणार?”

खरं म्हणजे मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. माझे वडील गेले तेव्हा मी पोचले नव्हते. माझ्या लग्नावरून आमच्यात अबोला होता, आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिले आणि निरोप आला तेव्हा स्मशानातून लोक परतले होते. हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. तात्या असे रोज येऊन बसायला लागले तेव्हा मला वाटलं, निदान यांचं तरी होऊ दे.

मी नकाशावर गिरण्या शोधल्या. त्या भागात अकरा निघाल्या. शाळा सहा. चौथ्या दिवशी एका शाळेच्या मागच्या गल्लीत आम्ही शिरलो. लांबच लांब भिंत, तिच्यावर पाढे रंगवलेले. समोर ओळीनं घरं. तिसऱ्या घराच्या खाली उघड्या शटरमध्ये गिरणी, पांढरी झालेली पायरी, आणि बाजूनं वर गेलेला लोखंडी जिना. जिन्याच्या वरच्या टोकाला एक बाई उभी होती. हातात बादली. चेहरा पुसलेला.

मी पुढचा बाण दाबणार होते. तात्यांनी माझा हात धरला. त्यांनी मला त्याआधी कधी शिवलंही नव्हतं.

“थांबा.”

“तात्या, चेहरा दिसत नाही. कुणीही असेल.”

“बादली बघा कशी धरलीय. कमरेवर. लहानपणापासून असंच. मी ओरडायचो, पाठ वाकडी होईल म्हणून.” मग ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. “अंग भरलंय तिचं.”

“वाऱ्यानं ओढणी फुगली असेल.”

“नाही बाई. सहावा-सातवा असेल. कधीचा आहे हा फोटो?”

खाली महिना लिहिलेला होता, याच वर्षीचा. मार्च. आता श्रावण लागला होता. तात्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. डोळ्यांना पाणी वगैरे काही नाही. फक्त म्हणाले, “त्या जिन्यावरनं बादली घेऊन चढत राहिली असेल ती. बाळंतपणापर्यंत.”

त्यानंतर शोधायचं काही राहिलं नाही, तरी ते यायचे. मी ते चित्र काढून द्यायचे आणि माझ्या कामाला लागायचे. दहा मिनिटं बघायचे आणि उठायचे. एक दिवस म्हणाले, “याचा कागद निघतो का?”

मी थोडी घुटमळले. मग चित्र कापून लहान केलं. वर रस्त्याचं नाव होतं, ते काढलं. गिरणीची पाटी काढली. जिना, ती, आणि खाली भिंतीचा एक तुकडा, एवढंच ठेवलं. रंगीत प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.

“तात्या, हे कुणाला दाखवायचं नाही.”

“कुणाला दाखवू?” ते म्हणाले. “माझं कोण आहे?”

पाणी सोडण्याच्या वेळा लिहायची त्यांची एक जुनी वही होती, खिशात मावेल एवढी. त्या वहीत त्यांनी कागद चार घड्या करून ठेवला.

पुढच्या आठवड्यात ते चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी रणजित आला.

मी त्याला तोवर लांबूनच पाहिलं होतं. चौकात बोलणारा तो रणजित आणि हा, एकच माणूस वाटेना. दाढी वाढलेली, डोळे लाल. माझ्यासमोर बसला आणि खिशातून तो कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला.

“ताई, हा तुमच्याकडंच काढलाय ना?”

“तात्या कुठं आहेत?”

“नगरला. दवाखान्यात. परवा छातीत कळ आली. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काढले तर काढले.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “हा कागद त्यांनीच दिला मला. म्हणाले, हर्षीला आणून दाखव एकदा. पत्ता त्या ताईंना विचार.”

मी तात्यांचा नंबर लावला. फोन रणजितच्या खिशात वाजला. त्यानं तो काढून दाखवला. तात्यांचा तो जुना, बटणांचा फोन.

“माझ्याकडंच आहे. त्यांना बोलता येत नाही.” मग खाली बघत म्हणाला, “मी रागात लई बोललो ताई, मला माहितीये. पण आई गेली तेव्हा ती आली नाही, ते आता टोचतं. बापाच्या वेळेला तरी असावी. तुम्हाला सांगायला नको. तुमचंही तसंच झालं होतं ना.”

हे तो बोलला नसता तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सापडत नाही. कदाचित तेच केलं असतं.

मी नकाशा उघडला. शाळा काढली, मागची गल्ली काढली, गिरणीपाशी थांबले. जिन्यावर ती उभीच होती. रणजित खुर्ची ओढून जवळ आला. त्यानं काही लिहून घेतलं नाही, मोबाइलनं पडद्याचाच फोटो काढला. एक रस्त्याच्या नावाचा, एक घराचा.

“जिना हा बाहेरूनच आहे ना?”

“हो, बाजूनं.”

“म्हणजे गिरणीतनं जावं लागत नाही.”

“नाही.”

“उपकार झाले ताई,” तो म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेढे घेतले. नवऱ्यानं विचारलं, कसले? मी म्हटलं, असेच. कुणाचं तरी तुटलेलं जुळलं की बरं वाटतं.

दोन दिवसांनी, दुपारी, कचेरीची सुट्टी झाली आणि दारात चपला काढल्याचा आवाज आला. तात्या उभे होते. टोपी हातात, धडधाकट.

मी खुर्चीतून अर्धवट उठले.

“घाबरलात का?” ते म्हणाले. “बहिणीकडं होतो पैठणला. रणजितनंच नेऊन सोडलं, तिच्या बोअरच्या मोटारीचं काम निघालं म्हणून. फोन घरीच राहिला माझा.” ते खुर्चीत बसले. “बाई, तो कागद सापडत नाहीये. वही आहे, कागद नाही. दुसरा काढून द्याल का?”

बोलायला तोंड उघडलं आणि जे सांगायचं होतं त्याच्या अलीकडंच थांबले.

“तात्या, कागद रणजितच्या हातात पाहिला मी.”

ते ताठ झाले.

“कधी?”

“परवा.”

“इथं आला होता?”

“हो. कागद इथं काढला का, म्हणून विचारत होता.”

“त्याच्यावर पत्ता नव्हता ना? तुम्ही काढून टाकला होता. माझ्यासमोर काढला होता.”

“नव्हता,” मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. “मंग काही नाही. नाशिक केवढं मोठं. नुसत्या भिंतीवरनं त्याला काय कळणार.” पण लगेच उठले. “मी घरी जातो. बघतो तो कुठंय.”

ते गेले तसं मी शटर अर्धं खाली ओढलं. नकाशावर गिरणीच्या नावाखाली फोन नंबर होता. इतके दिवस मी तो पाहिलाही नव्हता. लावला. एका म्हाताऱ्या माणसानं उचलला.

“तुमच्या वर राहतात त्यांना जरा फोन द्याल का? हर्षदाला. तातडीचं आहे.”

“कोण बोलतंय?”

“मी… गावाकडनं.”

“तुम्हाला कळलं नाही का मग?” तो माणूस म्हणाला. “आज सकाळी दोघं आले तोंडाला रुमाल बांधून. पोरगा कामावर निघाला होता. जिन्यावरच गाठलं त्याला. दवाखान्यात नेलाय. पोरगी पण तिकडंच आहे, लेकराला घेऊन. पोलिस बसलेत इथं. देऊ का त्यांच्याकडं फोन?”

मी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. कैलास त्याचं नाव. अठ्ठावीस वर्षांचा होता. लेकरू तीन महिन्यांचं, मुलगी.

रणजितला आणि चुलतभावाला पोलिसांनी आठवड्याभरात धरलं. कागद रणजितच्या दुकानात सापडला. पोलिस माझ्याकडं आले. कागद तुमच्याकडं काढला का, विचारलं. हो म्हणाले. कुणाला दिला? अंबादास तात्यांना. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “आणखी काही सांगायचंय?”

“नाही,” मी म्हणाले.

आरोपींनीही काही सांगितलं नाही. आपण नाशिकला गेलोच नव्हतो, असंच दोघं म्हणत राहिले. पत्ता कुणी दिला हे सांगायचं तर गेलो होतो हे कबूल करावं लागलं असतं. मोबाइलमधले पडद्याचे फोटो रणजितनं आधीच पुसले असावेत. म्हणजे माझं नाव घेणारं कुणीच उरलं नव्हतं. आधी मला लाज वाटत होती. मग रणजितचे मित्र दुकानासमोर मोटरसायकली लावून बसायला लागले, तेव्हा भीती वाटायला लागली. काही महिन्यांनी यातलं कुठलं कारण खरं, हे माझं मलाही सांगता येईना.

महिनाभरानं तात्या आले. खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

“लई विचार केला मी. कागदावर भिंत होती ना थोडी. पाढे लिहिलेले. त्यावरनं शाळा शोधली असंल त्यानं. शाळा सापडल्यावर गिरणी सापडायला काय लागतं. आपण नाही का शोधली.” ते माझ्याकडं बघत होते, जणू मी हो म्हणावं म्हणून. “नुसतं बघत होतो तोवर ठीक होतं. मला कागद कशाला पाहिजे होता?”

“तात्या, पाणी देऊ का?” मी म्हणाले.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. नाशिकच्या कोर्टात माझी साक्ष होती, तात्यांचीही. त्यांना घरच्यांनी, भावकीनं, सगळ्यांनी सांगून पाहिलं की बापानं लेकाविरुद्ध बोलू नये. ते बोलले. टोपी हातात धरून म्हणाले, “कागद माझा होता. माझ्या वहीतनं त्यानं घेतला. मला मुद्दाम पैठणला नेऊन सोडलं. जावयाला माझ्या पोरानं मारलं.” इतकं सरळ.

मग मी उभी राहिले. रणजितच्या वकिलानं तो कागद माझ्यासमोर धरला. कागदाला आता प्लास्टिकचं पाकीट होतं.

“यावर पत्ता आहे?”

“नाही.”

“रस्त्याचं नाव? गिरणीचं नाव?”

“नाही. मी काढून टाकलं होतं.”

“म्हणजे या कागदावरून एखाद्याला ते घर सापडेल का?”

समोर रणजित उभा होता. माझ्याकडं बघत होता, रागानं नाही. वाट बघत होता. डाव्या हाताला बाकावर तात्या होते, आणि मागच्या भिंतीशी हर्षदा. मी तिला प्रत्यक्ष त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चेहरा तात्यांसारखाच होता, लांबट. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

“सांगता येणार नाही,” मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा ती पायऱ्यांपाशी थांबली होती. मुलगी कडेवर. तात्या तिच्यापासून चार हातांवर जाऊन उभे राहिले. नातीकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

“तात्या,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “कागद कशाला काढून घेतलात?”

“बघायला,” तात्या म्हणाले.

मुलीनं तिचे केस ओढले, ते तिनं सोडवले.

“त्या घराचा फोटो मी पुसायला लावलाय. मालकांना सांगून अर्ज केला. आता तिथं नुसता राखाडी ठोकळा दिसतो. आम्ही राहतोही दुसरीकडं. शोधू नका. तुमचा राग नाही मला. पण शोधू नका.”

“नाही शोधणार,” तात्या म्हणाले.

मी तीन पावलांवर उभी होते. पर्समधला रुमाल काढून तोंड पुसत होते. ती माझ्याजवळून गेली, आणि पत्ता मीच दिला हे ठाऊक नसल्यामुळं, वाट द्या म्हणून तिनं मला “ताई” अशी हाक मारली. मी बाजूला झाले.

परतीच्या गाडीत तात्या माझ्याशेजारी बसले होते. गाडीनं संगमनेर सोडलं. मग म्हणाले, “तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि तुम्हाला कोर्टात यावं लागलं. माफ करा बाई.”

निकाल लागला तेव्हा चुलतभावाला जन्मठेप झाली, त्याच्या कपड्यांवर रक्त सापडलं होतं. रणजित संशयाचा फायदा मिळून सुटला. त्याला पत्ता माहीत होता हे सिद्ध होत नाही, असं निकालात लिहिलं होतं. वर्तमानपत्रात ते वाक्य छापून आलं, मी ते कापून ठेवलेलं नाही, पण पाठ आहे.

तात्या त्या घरात परत गेले नाहीत. पंचायतीनं त्यांना पाण्याच्या टाकीखालची खोली राहायला दिली होती. तिथंच पुढच्या वर्षी वारले. शेवटचे काही महिने ते कधीमधी दुकानात यायचे, बसायचे. नकाशा दाखवा असं एकदाही म्हणाले नाहीत. मी रोज ठरवायचे की आज सांगायचं, कागदामुळं नाही झालं, माझ्यामुळं झालं. एवढं कळलं असतं तरी त्या माणसाची रात्रीची झोप परत आली असती. मी चहा मागवायचे. ते चहा प्यायचे आणि जायचे.

तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी रणजित आला. दुकानात आणखी दोघं फॉर्म भरत बसले होते. तो त्याच खुर्चीत बसला.

“वारसाची नोंद करायचीय तात्यांची,” तो म्हणाला. “जमीन दीड एकरच आहे. पण हर्षीची सही लागंल म्हणतात, हक्क सोडल्याची.”

“लागते.”

“मग तिचा पत्ता लागंल. कुठं असते ती आता, काढता येईल का?”

“मला कसा काढता येईल?”

त्यानं खुर्ची थोडी पुढं ओढली. आवाज तसाच मऊ होता.

“मागं काढून दिला होता की, ताई.”

फॉर्म भरणाऱ्या दोघांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

“हो,” मी म्हणाले. “मीच काढून दिला होता.”

चार वर्षांत हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोलले, आणि बोलले ते त्याच्यापाशी.

“मग?”

“आता नाही देणार.”

तो हसला नाही, चिडलाही नाही. कागदपत्रांची पिशवी काखेत मारून उठला.

“बरं. दुसरीकडं बघतो,” म्हणाला.

आमच्या रांगेत तशी आणखी सहा दुकानं होती. मी दारात येऊन उभी राहिले. तो एकेका दुकानाची पाटी वाचत, सावकाश, पुढं चालला होता.